रॉड की डंबेल्स: मागच्या खोलीतल्या साडेचार महिन्यांच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

आण्णांचा वजन उचलायचा जुना रॉड माळ्यावरून खाली काढला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतली आमची ही मागची खोली छातीएवढ्या पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर रॉड आणि प्लेटा कशाबशा पुसून वर टाकल्या होत्या, त्यानंतर आजच हात लागला. गंजाचे पापुद्रे सुटलेले, हाताला लालभडक भुकटी.

ठरलंय असं: मी (४२, साइट सुपरवायझर) आणि बायको (३९, घरी शिवणकाम) आठवड्यातून तीन दिवस, सोमवार-बुधवार-शनिवार, पहाटे पावणेसहाला ताकदीचा व्यायाम करणार. मी रॉडवर, ती डंबेल्सवर. दोन-तीन महिन्यांनी बघायचं की कुणाचं कुठं अडलं. कारण जो तो एकच विचारतो, दोन्हींतलं एकच घ्यायचं तर कोणतं? ठोस उत्तर मला कुणी दिलं नाही, म्हणून ही वही.

आजची चूक: वेळ वाचवायला रॉडवर संडास धुण्याचं ॲसिड फिरवलं. गंज पाच मिनिटांत निघाला आणि लोखंड काळंभोर झालं.

सोमवार, ६ जानेवारी

सकाळी रॉडवर पुन्हा लाल साय धरलेली. ॲसिड लोखंडाच्या बारीक रेघांत राहिलं की असंच होतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुतला, उन्हात कडक वाळवला. मग तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर १८० चा, आणि शेवटी बायकोच्या शिलाई मशीनचं तेल फडक्यावर घेऊन. सगळं मिळून पाच तास. पहिल्या दिवशीच ब्रश घेऊन बसलो असतो तर तीन तासांत काम झालं असतं. खर्च २६० रुपये.

बुधवार, ८ जानेवारी

वजनं खरी किती, ते आज मोजलं. प्रत्येकानं हे पहिल्याच दिवशी करावं, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

दुकानदार पाच फुटी रॉडला "दहा किलो धरा" म्हणतात. साइटवर सळईचं वजन आम्ही डी स्क्वेअर भागिले १६२ नं काढतो: जाडी मिलिमीटरमध्ये, उत्तर मीटरला किलो. आमचा रॉड २८ मिमीचा. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, भागिले १६२, मीटरला ४.८४ किलो. पाच फूट म्हणजे १.५२४ मीटर. उत्तर ७.३८. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ७.४ आलं. म्हणजे दहा समजून चाललो असतो तर प्रत्येक नोंदीत अडीच किलोची फसवणूक स्वतःचीच. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड २० किलोचा, २.२ मीटर लांब असतो, त्याचा नि याचा काही संबंध नाही.

प्लेटांचं त्याहून वाईट. 'दहा'च्या चार प्लेटा: ९.६, ९.७, १०.२, १०.३. आत्तापर्यंत ९.६ एका बाजूला आणि १०.३ दुसऱ्या बाजूला असं होत आलं असणार. आता खऱ्या वजनाच्या जोड्या लावल्या आणि ऑइलपेंटनं आकडे लिहिले.

डंबेलचे दोन रॉड (१४ इंची, प्लेटा आवळायच्या चाक्यांसकट जोडी ७०० रुपये) मोजले, एकेक २.२ किलोचा निघाला. हे २.२ बहुतेक लोक धरतच नाहीत.

बायकोसाठी रबरी षटकोनी डंबेल्स आणली: ५, ७.५ आणि १० च्या जोड्या. ४५ किलो, १३० रुपये किलोनं ५,८५० रुपये. जुना बेंच, रॉडच्या खांबांसकट, ३,२०० ला मिळाला.

सोमवार, १३ जानेवारी

सुरुवात. माझे आकडे किलोत, पाच-पाचचे तीन सेट, म्हणजे सलग पाच वेळा उचलून थांबायचं, असं तीनदा: बेंच प्रेस (बेंचवर झोपून छातीवरून वर) ३७.४, डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरून उचलणं) ४७.४. तिचे: उभं राहून शोल्डर प्रेस (खांद्यापासून डोक्यावर) ५ च्या जोडीनं दहा-दहाचे तीन. स्क्वॉटसाठी (रॉड खांद्यावर घेऊन बैठका) रॅक, म्हणजे रॉड टेकवायचे उंच खांब, नाही, त्यामुळं दोघंही डंबेल छातीशी धरून बैठका.

आण्णा दाराशी खुर्ची टाकून बसले. तरुणपणी तालमीत जायचे. "आधी शंभर जोर काढ, मग लोखंडाला हात लाव," एवढंच म्हणाले आणि मोजायला लागले.

बुधवार, २२ जानेवारी

कंबर धरली. कारण शोधायला आजचा डेडलिफ्ट मोबाइलवर बाजूनं काढला. वाकताना पाठीचा खालचा भाग गोल होतोय, ते स्पष्ट दिसलं.

कारण प्लेटांच्या आकारात आहे. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणून रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आमची दहाची प्लेट ३० सेंटिमीटरची, रॉड १५ वरच. म्हणजे साडेसात सेंटिमीटर जास्त वाकावं लागतंय, आणि माझ्या मांड्यांच्या मागच्या शिरा तेवढं देत नाहीत.

साइटवरून सेंट्रिंगच्या इंची फळ्यांचे तुकडे आणले, तीन थर, प्रत्येक बाजूला. साडेसात सेंटिमीटर बरोबर भरले. रॉड गडगडू नये म्हणून वरच्या थराच्या कडेला पट्टी ठोकली. पुन्हा शूटिंग घेतलं, पाठ सरळ. आता चार दिवस डेडलिफ्ट बंद.

हीच अडचण डंबेल्सला दुप्पट येते. डंबेल जमिनीवर ठेवलं की मूठ आणखी खाली जाते. बायको १० ची जोडी बेंचच्या फळीवर ठेवून उचलते, तेच बरोबर आहे.

शनिवार, १ फेब्रुवारी

६७.४ खाली टेकवताना शहाबादी फरशी तडकली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. फळ्या होत्या, पण फळ्यांखाली मऊ काही नव्हतं आणि फरशीखालची रेती पुरात बसलेली, पोकळ. ठोकून बघायला हवं होतं, साइटवर रोज बघतो.

जिमच्या नावानं विकतात त्या मॅट महाग पडतात. गोठ्यात गाईंखाली घालतात ती रबरी मॅट आणली, साडेसहा बाय चार फूट, १७ मिमी, २,४०० रुपये. पहिले दहा दिवस रबराचा वास सहन करावा लागेल. फरशी तशीच ठेवली, मॅटखाली जाते.

सोमवार, १० फेब्रुवारी

ही नोंद नीट वाचा.

बेंच प्रेस, ५२.४. तिसऱ्या सेटचा पाचवा. अर्ध्यावर अडकला. बायको दूध आणायला गेलेली, आण्णा आंघोळीला. रॉडला दोन्ही बाजूंनी लॉक लावलेले, त्यामुळं एका बाजूला कलवून प्लेटा टाकता येईनात. शेवटी रॉड छातीवरून पोटावर, पोटावरून मांड्यांवर लोटत नेला आणि उठून बसलो. बरगडीखाली वीतभर काळंनिळं. श्वास घेताना दुखतंय.

डंबेल्सचा सगळ्यात मोठा फायदा मला आज कळला, आणि तो कुणी पहिल्या ओळीत सांगत नाही. डंबेल अडकलं तर हात बाजूला सोडून देता येतात. रॉड मानेवर आला तर जीव जाऊ शकतो. एकटे असाल आणि सेफ्टी (अडकलेला रॉड झेलणारे आडवे पाइप) नसेल तर बेंचवर रॉड घेऊ नका. घ्यायचाच झाला तर लॉक लावू नका.

बायको म्हणाली, "अहो, मी घरात नसताना झोपून उचलायचं नाही, एवढं एकच ऐका माझं." ऐकलं. रॅक येईपर्यंत बेंच डंबेल्सवर.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मोठी डंबेल्स हवीत म्हणून घाईत चार प्लेटा ५ किलोच्या घेतल्या, प्लास्टिकच्या, आत सिमेंट भरलेल्या. १,००० रुपये. दोन्ही कारणांनी फुकट गेले. एक तर त्या लोखंडी प्लेटेच्या दुपटीहून जाड, दोन बसवल्या की चाकीला आटे उरत नाहीत. दुसरं, तिसऱ्याच दिवशी एक शिवणीवर उकलली आणि मॅटवर सिमेंटची भुकटी. रॉडच्याच लोखंडी प्लेटा डंबेलला लावायला लागलो. भोक सारखं असलं की हे जमतं, तेवढं घेताना बघा.

आणखी एक. २२ किलोचं डंबेल झोपल्यावर उचलून छातीवर आणणं हेच एक वेगळं काम आहे. पहिल्या दिवशी जमिनीवरून हातानं ओढलं आणि उजव्या खांद्यात चमक आली. आता बसूनच दोन्ही डंबेल्स गुडघ्यांवर उभी ठेवतो, मागं झोपताना गुडघ्यानं रेटा देतो. खांद्याला काही करावं लागत नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

रॅक आला आणि चुकलेला आला. चूक माझी. फॅब्रिकेटरला मापं दिली ती मोठ्या रॉडची. सात फुटी ऑलिंपिक रॉडच्या दोन्ही कॉलरमध्ये (आतल्या कड्यांमध्ये) १३१ सेंटिमीटर मोकळे असतात, म्हणून रॅकची रुंदी १२२ चालते. आमच्या पाच फुटी रॉडच्या आतल्या दोन कड्यांमधलं अंतर ११२. प्लेटा खांबांवर आपटतात. रोज प्लिंथची मापं दोनदा तपासून घेणारा माणूस मी, पण रॉडवर टेप एकदाही धरली नव्हती.

चौकोनी पाइप, ५० बाय ५०, ३ मिमी. केलेलं काम ६,८०० रुपये. आडव्या पाइपा कापून रुंदी १०४ वर आणायला आणखी ९०० आणि नऊ दिवस.

दुसरी चूक, सेफ्टीच्या पाइपांसाठी भोकं दर १० सेंटिमीटरला पाडून घेतली. वरच्या भोकावर पाइप लावला तर रॉड छातीला टेकतच नाही, खालच्या भोकावर लावला तर अडकल्यावर रॉड मानेवर येतो. पाच-पाच सेंटिमीटरला हवी होती. सध्या बेंचच्या पायांखाली १८ मिमी प्लायचे दोन तुकडे देऊन मधलं माप साधलंय. रिकाम्या रॉडनं दहा वेळा तालीम केली: छाती फुगवली की रॉड टेकतो, छाती सोडली की रॉड पाइपांवर बसतो आणि मान सुटते.

बुधवार, ५ मार्च

बायको महिनाभर जागच्या जागी आहे. ५ च्या जोडीनं शोल्डर प्रेस ३ फेब्रुवारीलाच आरामात दहा-दहा होत होता. ७.५ घेतलं की उजवा हात दोनदा वर जातो, डावा कपाळाशी थांबून थरथरतो. परत ५ वर. बारा, चौदा, पंधरा. आज डंबेल्स ठेवून ती म्हणाली, "माझ्यानं हे व्हायचं नाही वाटतं."

मी वही उघडून दोघांचे आकडे शेजारी ठेवले. मी ५० वरून ५२.५ वर जातो तेव्हा वजन ५ टक्क्यांनी वाढतं. ती ५ वरून ७.५ वर जाते तेव्हा ५० टक्क्यांनी. माझ्यासारखं मोजायचं तर मला एकदम ७५ करायला सांगण्यासारखं आहे ते. तिच्यात काहीच कमी नव्हतं, तिच्यापुढची पायरीच कमरेएवढी उंच होती. महिनाभर हे माझ्या लक्षात आलं नाही याचं वाईट वाटलं, आणि तसं तिला सांगितलं.

शनिवार, ८ मार्च

कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्याकडे गेलो. अर्ध्या किलोच्या चकत्या हव्या होत्या. हिशेब घरून करून नेला होता: ६ मिमी जाडीची प्लेट, बाहेरचा व्यास १२० मिमी, मधे ३० चं भोक, वजन ५०० ग्रॅम भरतं.

"साहेब, भोक तीसचं पाडलं तर अठ्ठावीसच्या रॉडवर खुळखुळेल," मिस्त्री म्हणाला.

"खुळखुळू दे, पण अडकायला नको."

त्यानं प्लेट चकमध्ये धरली, कडेवरून निळसर कुरळी बुरी सुटत गेली आणि पंचवीस मिनिटांत चार चकत्या झाल्या. कडा हातानं कानशीनं मारून दिल्या. काट्यावर ४९५, ५००, ५००, ५०५. चारचे ३६० रुपये. सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडीही घेतली, ३०० ला.

येताना वेटलिफ्टर संकेत सरगरची आठवण झाली. आपल्या सांगलीचा पोरगा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ उचलले, कोपर दुखावलेलं असताना रौप्य घेतलं. सोनं २४९ ला गेलं. अर्ध्या किलोची चकती हातात घेतल्यावर तो एक किलो केवढा असतो ते समजतं.

संध्याकाळी बायकोच्या हातात रॉड दिला. रिकामा रॉड ७.४, तिच्या दोन डंबेल्सपेक्षा (१०) हलका! सव्वाची जोडी लावून ९.९. आठ वेळा सहज. एकेक चकती लावून १०.९. आठ. ती रॉड खाली ठेवून चकत्यांकडे बघत राहिली.

सोमवार, १७ मार्च

आता माझी पाळी. बेंच, ५७.४ पाच वेळा. आण्णा खुर्चीवरून म्हणाले, "डावा हात मागं राहतोय तुझा. रॉड कलतोय." शूटिंग बघितलं, खरंच शेवटच्या दोन वेळी उजवी बाजू दोन इंच आधी वर.

डंबेल्सवर तपासलं. प्रत्येकी २२.२ नं उजवा एकटा आठ वेळा, डावा पाच वेळा. रॉडवर उजवा डाव्याचं ओझं वाहत होता आणि वहीत दोन्ही हातांची बेरीज लिहिली जात होती.

उपाय साधा केला. बेंच सहा आठवडे पूर्ण डंबेल्सवर. आधी डावा हात, जेवढे होतील तेवढे. उजव्यानं तेवढेच करायचे, एकही जास्त नाही.

जाता जाता एक आकडा: पाच वेळांचं माझं वजन रॉडवर ५७.४, डंबेल्सवर दोन्ही मिळून ४४.४. साधारण पाऊणपट. डंबेल्सवर गेल्यावर आकडा खाली येतो, त्यानं खचू नये. डंबेल सरळ धरून ठेवण्यातच बरीच ताकद जाते.

शनिवार, २९ मार्च

डंबेलची चाकी सुटली. डावं डंबेल वर असताना अडीचची प्लेट कानाशेजारून मॅटवर पडली. चार इंच इकडे असती तर डोक्यात.

प्रत्येक वेळी मनगट थोडं फिरतं आणि चाकी तेवढी उलटी सैल होते, हे सेटच्या शेवटी कळतच नाही. चाकीच्या आत नळाचं रबरी वायसर घातलं (दोन रुपयाला एक), आणि नियम केला की प्रत्येक सेटआधी चारही चाक्या हातानं आवळायच्या. त्यानंतरच्या सेटांत एकदाही सैल झाली नाही. पूर्ण ओतीव, न सुटणारी डंबेल्स या बाबतीत निर्धास्त, पण त्यांना चकती लावता येत नाही.

उद्या पाडवा. रॉडला तेलाचं फडकं फिरवून ठेवलं.

बुधवार, १६ एप्रिल

स्क्वॉटबद्दल. रॅक येईपर्यंत छातीशी डंबेल धरून मी २७ किलोवर अडकलो होतो. पाय दमत नव्हते, मनगटं आणि पाठीचा वरचा भाग आधी हार मानत होता. रॅकनंतर पहिल्याच आठवड्यात खांद्यावर ५२.४ घेऊन पाच-पाचचे तीन सेट झाले. म्हणजे पायांत ताकद होती, तेवढं वजन पायांपर्यंत पोचवायची वाट डंबेलमध्ये नव्हती. आज ७७.४.

पण रॅकला जागा नसेल त्यांच्यासाठी: एक पाय मागं बेंचवर ठेवून दुसऱ्यावर बैठक, हातात १० ची जोडी. बायको हेच करते. एका पायावर एवढं वजन पुरेसं होतं, मनगटांवर येत नाही, तोल मात्र दोन आठवडे जातो. भिंतीला बोटं टेकवून शिकावं.

तिचा डेडलिफ्ट ४२.४ ला मुठीत अडलाय. २८ मिमीचा रॉड तिच्या बोटांना जाड पडतो. स्पर्धेतला स्त्रियांचा रॉड १५ किलोचा आणि २५ मिमीचाच असतो, त्यामागं कारण आहे. सध्या एक तळवा पुढं, एक मागं असं धरते आणि दर आठवड्याला हात बदलते. भरलेला सिलिंडर (गॅस १४.२ किलो, टाकीसकट तिसाच्या आसपास) गेल्या रविवारी दारातून ओट्याखाली तिनंच नेला, मी साइटवर होतो.

शनिवार, १० मे

सहा आठवडे डंबेल्सवर काढून बेंचला परत रॉड घेतला. ६२.४, चार वेळा. शूटिंगमध्ये रॉड आडवा सरळ. एकट्या हाताचा हिशेब आता उजवा नऊ, डावा आठ.

बायकोचा शोल्डर प्रेस रॉडवर १६.९, पाच वेळा. तो झाल्यावर तिनं आपणहून ७.५ ची डंबेल्स उचलली. मार्चमध्ये डावा हात जिथं कपाळाशी थांबत होता तिथून आठ वेळा वर गेला.

माझा डेडलिफ्ट ९७.४. त्यासाठी १५ ची एक जोडी घ्यावी लागली, ३,९००.

एकूण खर्च आजपर्यंत २५,६७० रुपये (रॉड आणि जुन्या प्लेटा घरच्याच होत्या, ते सोडून). यातले १,९०० चुकांचे: सिमेंटच्या प्लेटा आणि रॅकची दुरुस्ती. वेळ गेला तो वेगळा, ॲसिडचा एक दिवस, कमरेचे चार, रॅकचे नऊ, आणि बायकोचा एक महिना. तो महिना मला सगळ्यात जास्त लागतो.

परत सुरू केलं तर हा क्रम ठेवीन. पाच फुटी रॉड, लोखंडी प्लेटा, त्याच भोकाचे डंबेल रॉड, अर्ध्या किलोच्या चार चकत्या, गोठ्याची मॅट. षटकोनी डंबेल्समधली ५ ची जोडीच घेईन, बाकी ३५ किलो घेणार नाही. रॉड की डंबेल्स, हा प्रश्न आमच्याकडे असा सुटला: डेडलिफ्ट आणि स्क्वॉट रॉडवरच, बेंच एकटे असाल तर डंबेल्सवरच, आणि शोल्डर प्रेस ज्याच्यावर लहान पायरी चढता येईल त्याच्यावर. मुदलात लोखंड एकच, आणि चकत्या दोन्हींना बसतात.

रविवार, १८ मे

पावसाच्या आधीची कामं. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून पुसट दिसते. तिच्या फूटभर वर लोखंडी ब्रॅकेट ठोकली, रॉड आडवा टांगला, प्लेटांसाठी दोन खुंट्या. व्यायाम झाला की सगळं वर जाईल, रोज. डंबेल्सना रबर आहे, पण दांड्या उघड्याच आहेत, त्यांनाही तेल लावलं.

मॅटचं अजून ठरायचंय. १७ मिमीचं रबर गुंडाळलं जात नाही, आणि उभी केली तर माळ्याच्या जिन्यात मावत नाही. उद्या टेप घेऊन जिना मोजतो.